डबीतला चष्मा

आमच्या फिजिक्सच्या मिसकडे दोन चष्मे होते. एकाच नंबरचे, एकाच दिवशी एकाच दुकानातून करून घेतलेले, जाड काळ्या फ्रेमचे. एक त्या रोज लावायच्या. दुसरा मऊ कापडात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवलेला असायचा आणि ती डबी वर्गातल्या टेबलाच्या खणात. महिन्याच्या पहिल्या तारखेला तास सुरू करण्याआधी त्या डबी उघडायच्या, तो चष्मा लावून मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघायच्या. मग रोजचा लावून पुन्हा तोच नकाशा. समाधान झालं की डबी बंद, आणि तास सुरू.

एकदा एका मुलीने धीर करून विचारलं, "मिस, हे कशासाठी?"

"रोजच्या काचेवर घाम लागतो, ओरखडे पडतात. रोज थोडं थोडं कमी दिसतं आणि आपल्याला कळतही नाही. मग एक दिवस नकाशा धूसर दिसला, तर काय समजायचं? काच गेली, डोळे गेले, की नकाशाच उडाला? डबीतला खराब होत नाही. तो खरं सांगतो."

"पण मग तो नुसता पडूनच राहतो की."

"पडून राहणं हेच त्याचं काम आहे. तुमच्यापैकी काहींना छान जमतं तसं."

ही युक्ती आपली नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. अमेरिकेच्या एका उपग्रहावर सूर्याची एकूण ऊर्जा मोजणारं यंत्र होतं, त्याची होती. त्या यंत्राला तीन काळे डोळे होते. एक सतत सूर्याकडे बघायचा. पण सूर्याकडे सतत बघणारा डोळा हळूहळू उतरतो, म्हणून बाकीचे झाकून ठेवलेले. ते अधूनमधून उघडायचे आणि रोजच्या डोळ्याला विचारायचे, सूर्य खरंच मंद झाला की तूच थकलास?

मिसच्या बाबतीत कुठलीही गोष्ट शेवटी सूर्यावर जायची. भिवंडीत, शेलारच्या रस्त्याला त्यांच्या भावाचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता आणि त्याच्या माडीवर त्या एकट्या राहायच्या. त्यांचं घराणं कोकणी मुसलमान, मूळ खाडीकाठचं, तीन पिढ्या सुताच्या धंद्यातलं. त्या घरातली शिकलेली पहिली बाई म्हणजे मिस. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या म्हणायच्या, "वेळ मिळाला नाही," आणि असं म्हणायच्या की समोरच्याला आपणच त्यांचा वेळ घेतोय असं वाटावं.

लूमवर राहणारी माणसं मोठ्याने बोलतात. खाली दिवसभर खटखट चालू असते, तिच्यावरून बोलायची सवय लागते आणि मग ती शांत जागीही सुटत नाही. मिस प्रार्थनेच्या वेळी कुजबुजल्या तरी अख्ख्या मैदानाला कळायचं. आणि समोर मी.

मी भिवंडीजवळच्या टेमघरची. आमचं घर आगरी. वडिलांनी जमीन गोदामांना भाड्याने दिली, हातात पैसा आला, आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून मी बोलायचे नाही. घरी चुलत भावंडं 'मॅडम आली' म्हणून हसतील म्हणून तिथेही नाही. दोन्हीकडे गप्प राहणं मला सोपं पडलं होतं. मिसनी मात्र ते चालू दिलं नाही. मी उत्तर दिलं की त्या माझ्याकडे न बघता मागे बघायच्या आणि विचारायच्या, "शेवटच्या बाकावर ऐकू आलं?"

शेवटच्या बाकावरच्या मुली आनंदाने म्हणायच्या, "नाही, मिस."

"पुन्हा सांग."

मला त्यांचा राग यायचा. मुलींचाही आणि मिसचाही.

दर जूनमध्ये पहिल्या तासाला एक विधी ठरलेला होता. पुस्तक उघडायला लावायच्या. एका पानावर 'सोलर कॉन्स्टंट', म्हणजे सूर्याचा न बदलणारा आकडा, असे शब्द होते: पृथ्वीच्या हवेबाहेर दर चौरस मीटरला दर सेकंदाला पोचणारी सूर्याची ऊर्जा. मिस म्हणायच्या, "दुसरा शब्द खोडा. पेन्सिलने नाही, पेनने."

एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. पुस्तक धाकट्याला द्यायचं होतं, ते खराब केलं.

"धाकट्यालाही खरं तेच शिकू द्या की," मिस म्हणाल्या. "सूर्य बदलतो. हजारात एखादा भाग, पण बदलतो. मोठा डाग समोरून गेला की तेज जरा उतरतं. उपग्रहाने मोजलंय. तुमच्या पुस्तकाला अजून माहीत नाही म्हणून सूर्य थांबणार आहे का?"

"पण मॅडम, परीक्षेत काय लिहायचं पोरीने?"

"पुस्तकातलं लिहायचं आणि खाली एक ओळ जास्त लिहायची, की हे पूर्ण खरं नाही. एका जास्तीच्या ओळीने कोणी नापास करत नाही."

बारावीच्या पेपरात मी ती ओळ लिहिली. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.

सूर्य कसा मोजतात हे त्यांनी आम्हाला हातावर शिकवलं. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा. एका मुलीला उभं करून तिचा उजवा तळहात उन्हात आणि डावा एका पेटवलेल्या दिव्यासमोर. हात दिव्याच्या जवळ आणत जायचा, दोन्ही तळवे सारखेच तापले असं वाटलं की थांबायचं. आणि मग डोळे मिटून खात्री करायची.

"दिव्यावर किती वॅट छापलंय?"

"शंभर, मिस."

"सूर्यावर कोणी छापलेलं नाही. म्हणून ज्याचा आकडा माहीत आहे त्याच्याशी त्याची तुलना करायची. झालं. वरच्या यंत्रात तुझ्या हाताच्या जागी एक काळा पोकळ शंकू आहे. झाकण उघडलं की तो सूर्याने तापतो. झाकण लावलं की तेवढाच विजेने तापवतात. किती वीज लागली ते मोजलं, की सूर्याने किती दिलं ते कळलं."

मी क्वचित आपणहून काही विचारत असे. त्या दिवशी विचारलं. "मग आपल्या गच्चीवरून का नाही मोजता येत?"

"शेवटच्या बाकावर ऐकू आलं?"

"नाही, मिस."

मी पुन्हा विचारलं.

"भिवंडीच्या गच्चीवरून?" मिस हसल्या. "सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने चहूकडे. त्यांचे बॉयलर काय काय जाळतात ते नाकाला ठाऊक आहे. तू सूर्य मोजायला जाशील आणि धूर मोजून येशील. भिवंडीच कशाला, हिमालयावर जा, तिथेही हवा मध्ये येतेच. एक भाग हजारात शोधायचा तर हवेच्या वर जायला पाहिजे. जिथे मध्ये बोलणारं कोणी नाही."

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. शाळा उशिरा उघडली, आणि उघडली तेव्हा वर्गात काही बाक रिकामे होते. आम्ही मुली कुठे बसायचं, कोणाशेजारी बसायचं, हे न बोलता ठरवत होतो. आदल्या वर्षी जशा बसायचो तशा नव्हतो बसलो. मिस आल्या, त्यांनी ते बघितलं, आणि पुस्तक उघडायला सांगायच्या ऐवजी सरळ बोलायला लागल्या.

"सूर्य बघणारा आपला उपग्रह. वर गेला आणि वर्षही झालं नाही तोच त्याचे फ्यूज उडाले. फ्यूज. तुमच्या-माझ्या घरी उडतात तसे. सूर्यावर नजर धरून ठेवणारी व्यवस्था बंद पडली. तो नुसता भिरभिरत राहिला, तीन वर्षांहून जास्त. सगळे म्हणाले, गेला. या एप्रिलमध्ये माणसं यानात बसून वर गेली, त्याला पकडलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा सोडून दिलं. आता तो परत सूर्याकडे बघतोय. इतक्या वर जाऊन माणसं फ्यूज बदलून येतात. आणि आपल्याला एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसता येत नाही?"

कोणी हललं नाही. मिस हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तास संपेपर्यंत उभ्या राहण्याची त्यांची तयारी दिसत होती. शेवटी कोण आधी उठलं मला आठवत नाही. मी नव्हते. पण माझ्या शेजारची जागा भरली, एवढं आठवतं.

शाळेला जोडूनच अकरावी-बारावीचा सायन्सचा एक वर्ग होता आणि फिजिक्स तिथेही मिसच शिकवायच्या. तिथे जवळजवळ सगळ्या मुलीच. मुलगे ठाण्याला किंवा कल्याणला जायचे, मुलींना घरचे तितक्या लांब पाठवायचे नाहीत. बारावीनंतर मी घरी बसणार हे आमच्या घरी न बोलता ठरलेलं होतं. मिस एक दिवस रिक्षाने टेमघरला आल्या. ओटीवर वडील बसले होते.

"पोरगी हुशार हाय, आमी न्हाय बोलत न्हाय," वडील म्हणाले. "पन कशेलीचा पूल वलांडून रोज ठान्याला? लोकं काय बोलतील?"

"भाऊ, तुमच्या गोदामातला माल रोज तोच पूल ओलांडतो. त्याला लोकं काय बोलतात?"

"माल येगला, पोरगी येगली."

"बरोबर. माल परत येत नाही. ही रोज संध्याकाळी परत येईल."

वडील हसले. हसले म्हणजे हरले, हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. मिस गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "ही बाय बोलायला आलेली का भांडायला, काय समाजलं न्हाय."

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची एक दुपार. मिसकडे पुस्तक परत द्यायला गेले. खाली कारखान्यात त्यांचे भाऊ कोणावर तरी ओरडत होते. एक लूम बंद होता. त्याच्यासमोर नवा आलेला कारागीर झाडू हातात घेऊन उभा होता, गोंधळलेला.

"सेठ, साफ ही तो किया है. पुराना सब काट के निकाल दिया."

"अरे, वो काटने का था? उसी में नया जोड़ने का था."

लूमवर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ असतो. त्याला बीम म्हणतात. तो संपत आला की जाणता कारागीर पूर्ण संपू देत नाही. हातभर ताणा शिल्लक ठेवून लूम थांबवतो. मग नवा बीम चढवून नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला गाठतात. गाठी झाल्या की कापड हलकेच पुढे ओढायचं, नवे धागे जुन्यांच्या मागोमाग फणीतून आपोआप पुढे येतात. जुना ताणाच काढून टाकला तर सगळे धागे पुन्हा पहिल्यापासून ओवायचे. त्या कारागिराने लूम इतका स्वच्छ करून ठेवला होता की त्याच्यावर एक धागा नव्हता.

मिस जिन्यावर येऊन उभ्या होत्या. भावाला म्हणाल्या, "ओरडून धागे परत येतात का? त्याला आधी कोणी दाखवलं होतं? नाही ना? मग दाखव." आणि मला वर बोलावलं.

वर टेबलावर एक इंग्रजी मासिक उघडं पडलं होतं. आखातात नोकरीला असलेला भाचा त्यांना असली मासिकं पाठवायचा. मिसचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"आपला उपग्रह पडला," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात. जळून गेला. कशाने पडला माहीत आहे? सूर्य भरात आला, त्याच्या तेजाने वरची विरळ हवा फुगली, ती उपग्रहाला घासायला लागली. ज्याला मोजत होता त्यानेच खाली ओढला."

मी म्हटलं, "दुसरा पाठवतील ना."

"पाठवतील. पण तो आधीच वर असायला हवा होता. जुना जिवंत असताना. दोघांनी काही दिवस एकाच सूर्याकडे एकदम बघायला हवं होतं. दोन यंत्रं कधी एकच आकडा दाखवत नाहीत, एक जरा वर, एक जरा खाली. त्याने काही बिघडत नाही. फरक किती ते कळलं की जुन्याच्या आकड्यांना नव्याचे आकडे जोडता येतात. पण त्यासाठी दोघं बरोबर पाहिजेत. आता नवा जाईल तेव्हा जुना नसेल. दुसरी एक-दोन यंत्रं आहेत वर, पण त्यांची नजर एवढी पक्की नाही. सूर्य वाढला की यंत्र बदललं, यावर लोक वर्षानुवर्षं भांडत बसतील." खालून भावाचा आवाज पुन्हा चढला. मिसनी जमिनीकडे बोट केलं. "हेच झालंय. ताणा साफ कापला."

त्याच उन्हाळ्यात मिस निवृत्त झाल्या. शाळेने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, चेअरमन साहेबांनी भाषण केलं. चेअरमन स्वतः मोठे लूममालक. भाषणात सांगितलं नाही, पण ठरलेलं हे होतं की अकरावी-बारावीचं सायन्स बंद करायचं. ज्या मुली आधीच बारावीत होत्या त्यांना गणिताचे सर गाईडमधून फिजिक्स वाचून दाखवतील, आणि प्रयोगशाळेच्या जागी टायपिंगचा क्लास येईल.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या घंटेला मिस वर्गात हजर.

चेअरमन साहेब धावत आले. "मिस, तुम्ही रिटायर झालात."

"मी झाले. फिजिक्स झालंय का?"

"असं नाही चालत."

"घड्याळ तुम्हीच दिलंत. त्यात वेळ झाली म्हणून आले. माझ्या जागी कोणी येऊ दे. त्याच्याबरोबर एक सत्र मी याच वर्गात उभी राहीन. मग जाईन. त्याआधी नाही."

दुसऱ्या दिवसापासून गेटवर हुकूम होता की मिसना आत सोडायचं नाही. गेटवरचे चाचा जौनपूरचे, म्हातारे. त्यांनी मिसना आत सोडलं नाही. आपलं स्टूल उचलून बाहेर रस्त्यावर ठेवलं आणि म्हणाले, "अंदर आने को मना है, मिस. बाहर बैठने को किसी ने मना नहीं किया."

बारावीच्या मुली फिजिक्सच्या तासाला उठून गेटशी आल्या. गेटचा खालचा भाग पत्र्याचा, निळा रंग दिलेला, वर गज. मुली आतून गजांना धरून उभ्या, मिस बाहेरून पत्र्यावर खडूने लिहितायत. पत्र्यावर लिहिलेलं मुलींना दिसणार कसं, म्हणून गेटचा एक दरवाजा चाचांनी आतल्या बाजूला उघडून धरला. आत जायचं नाही एवढाच हुकूम होता, दरवाजा उघडायचा नाही असा नव्हता. हातगाडीवरून बीम नेणारे हमाल थांबून ऐकायचे. मिसचा आवाज सगळ्या रस्त्याला पुरत होता. पावसात त्या पुरुषी काळी छत्री घेऊन उभ्या राहायच्या आणि पत्र्यावरचा खडू वाहून गेला की तोंडाने सांगायच्या.

हे मी पाहिलेलं नाही, नंतर ऐकलं. मी तोवर घरी बसले होते आणि आईने माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. जुलैत चेअरमन साहेबांचा निरोप आला. रस्त्यावरची शोभा त्यांना थांबवायची होती. एका वर्षापुरती, तात्पुरती टीचर हवी होती.

त्यांच्या खोलीत पंखा चालू होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना जे हवं होतं ते दिसलं असावं.

"तू शांत मुलगी आहेस. आम्हाला शांतताच पाहिजे. वर्ष संपलं की हे सायन्स बंद, तुलाही त्रास नाही. आता असं कर, गेटवर जा आणि मिसना सांग, नवीन टीचर आली, उद्यापासून येऊ नका. तू त्यांची लाडकी. तुझं ऐकतील."

मी हो म्हणून मान हलवली. मला बी.एड. करायचं होतं, नोकरी हवी होती. घरी बसायचं नव्हतं. जिना उतरताना मी वाक्य तयार केलं. माझी सगळी वाक्यं मी आधी तयार करत असे.

गेटवर तास चालू होता. मिसनी मला बघितलं. साडी, खांद्यावर पर्स. त्यांना लगेच कळलं.

"अच्छा. तुला घेतलं," त्या म्हणाल्या. "आणि काय सांगायला पाठवलंय?"

मुली माझ्याकडे बघत होत्या. चाचा दुसरीकडे बघत होते. मी सांगितलं. नवीन टीचर आली, आता यायची गरज नाही, असं काहीतरी. रस्त्यावरून टेम्पो जात होता.

मिस माझ्या डोक्यावरून मुलींकडे बघत म्हणाल्या, "शेवटच्या बाकावर ऐकू आलं?"

तिथे बाकच नव्हता. पण मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "नाही, मिस."

"पुन्हा सांग."

मी तोंड उघडलं आणि तयार केलेलं वाक्य आलंच नाही. "मिस, आत या," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की वर चेअरमन साहेबांच्या खोलीची खिडकी उघडली.

मिसनी खडूचा हात पदराला पुसला, चाचांचं स्टूल उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि आत आल्या.

पाच मिनिटांत मी पुन्हा पंख्याखाली होते.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"सर, एक विचारू?" माझा आवाज अजून गेटवरच्याच पट्टीत होता, खाली येत नव्हता. "तुमच्या लूमवर नवा बीम चढवताना जुना ताणा साफ कापून टाकतात का?"

"कोण कापेल? येड लागलंय का?"

"मग इथे का कापताय? मिस पंचवीस-तीस वर्षं शिकवतायत. मला अजून एक तास घेता येत नाही. गाठ मारल्याशिवाय त्यांना काढलंत तर मी पहिल्यापासून एकेक धागा ओवत बसेन, आणि या मुलींचं वर्ष जाईल. एक सत्र आम्ही दोघी. मग त्या येणार नाहीत. नाही जमत तर मीही उद्यापासून येत नाही. परत गेटवर त्याच असतील."

शेवटचं वाक्य त्यांना पटलं असावं. की बीमचं पटलं, माहीत नाही. सुताच्या धंद्यातल्या माणसाला कापलेल्या ताण्याचं काय वाटतं ते त्यालाच ठाऊक. त्यांनी पंखा बंद केला, पुन्हा चालू केला.

"दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "आणि वर्गातला आवाज माझ्या खोलीत यायला नको."

तो येत राहिला.

त्या सत्रात एका वर्गात दोन टीचर होत्या आणि मुलींची करमणूक होती. एक दिवस मी शिकवायची, मिस शेवटच्या बाकावर. दुसऱ्या दिवशी उलट. मी चुकले तरी त्या मध्ये बोलायच्या नाहीत. हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "टीचर, एक शंका आहे." मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी फळा पुसून पुन्हा मांडायची.

चाचणीचे पेपर आम्ही दोघींनी वेगवेगळे तपासले. एकमेकींना न दाखवता. मग मांडीला मांडी लावून बसलो आणि ताडून पाहिले. प्रत्येक पेपरात माझे गुण मिसपेक्षा थोडे जास्त. एकही पेपर सुटला नव्हता. मला लाज वाटली. मी म्हटलं, मी पुन्हा तपासते, तुमच्यासारखे देते.

"खबरदार," मिस म्हणाल्या. "तुझा सूर्य माझ्यापेक्षा जरा जास्त तापतो. हरकत नाही. रोज तेवढाच जास्त तापतोय ना? मग तू खरी आहेस. किती जास्त ते आता आपल्याला माहीत आहे. माझ्यासारखी व्हायला गेलीस तर ना तुझा आकडा खरा, ना माझा."

आयुष्यात मला कोणी माझ्यासारखीच राहा असं सांगितलं नव्हतं. शिकलेल्या मुलीने कसं असावं हे सांगणारे घरी आणि शाळेत पुष्कळ होते.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मिसनी खणातली पत्र्याची डबी पर्समध्ये टाकली. निरोपाचं काही बोलल्या नाहीत. दारात थांबून म्हणाल्या, "आता मी डबीतला चष्मा. रोज येणार नाही. वर्षातून एकदा येईन. तू उतरलीस का ते बघायला."

सायन्स बंद झालं नाही. त्या वर्षीच्या मुलींनी घरी जाऊन बहिणींना सांगितलं, चुलत बहिणींना सांगितलं, आणि जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाला इतक्या आया आल्या की चेअरमन साहेबांना टायपिंगचा क्लास जिन्याखाली टाकावा लागला. त्या सगळ्या आयांना मिसनी घरोघर जाऊन पाठवलं होतं असं काही जण म्हणतात. मी विचारलं तेव्हा मिस म्हणाल्या, "मी निवृत्त आहे."

नवा उपग्रह पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात वर गेला. मिस ते सांगायला शाळेत आल्या. चाचांनी त्यांना सलाम करून गेट पूर्ण उघडलं.

"गेला वर," त्या म्हणाल्या. "पण मधली गाठ राहिलीच. आता भांडतील."

"त्यांची राहिली," मी म्हटलं. "आपली नाही राहिली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्या तारखेला नकाशाकडे बघायच्या.

त्यानंतर दर जूनमध्ये एकदा त्या यायच्या. शेवटच्या बाकावर बसायच्या, पूर्ण तास डोळे मिटून ऐकायच्या. नव्या मुलींना वाटायचं, कोणाची तरी आजी झोपली आहे. तास संपला की उठून एखादा शब्द सांगायच्या. एका वर्षी "ठीक." एका वर्षी "घाई करतेस." एका वर्षी मी आईच्या आजारपणात होते, रात्री जागून आले होते, तेव्हा "उतरलीस. झोप काढ." आणखी एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, कपड्यांवर कायम शाईचे डाग, वही फाटकी, गणिताचे सर तिला मागे बसवायचे. मिस तिच्याच बाकावर बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत तो एकूण जास्तच तेज देतो. मोजलंय. हिला पुढे बसव."

या एप्रिलमध्ये मिस गेल्या. भावाने कारखान्याचे सगळे लूम एक दिवस बंद ठेवले होते. त्या रस्त्यावरून मी लहानपणापासून जात आले, पण तिथली शांतता मी पहिल्यांदा ऐकली. चेअरमन साहेब भेटले. म्हणाले, "आता तरी ती प्रयोगशाळा मोकळी करा. कॉम्प्युटरला जागा पाहिजे."

"कॉम्प्युटर हवेतच," मी म्हटलं. "जिन्याखाली टायपिंगच्या जागी बसतील."

ते हसले. हसले म्हणजे काय, हे मला त्यांच्या बाबतीत माहीत नाही. पण अजून कुलूप लागलेलं नाही.

जूनमध्ये पहिला तास होता. शेवटचा बाक मी रिकामा ठेवला नाही. हजेरीला जी मुलगी सर्वांत हळू बोलली तिला तिथे बसवलं. ती अजून मला घाबरते. मग फळ्यावर 'सोलर कॉन्स्टंट' लिहिलं आणि सगळ्यांना पेनं काढायला सांगितलं.

एकीने विचारलं, "मिस, पुस्तक खराब होईल."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि फळ्यावरचा दुसरा शब्द खोडला. खडू मोडला. मग मागे बघून विचारलं, "शेवटच्या बाकावर ऐकू आलं?"

ती मुलगी उभी राहिली. ओठ हलले. काहीतरी म्हणाली.

"पुन्हा सांग."

"जरा जास्तच येतंय, मिस," ती म्हणाली.